मिठाची जागा

माझ्याकडे एक जुनी वही आहे. दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं आणि त्याखाली माझ्या लग्नाआधीच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'घरगुती युक्त्या'. मिरजेला माहेरी असताना वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून, मासिकांतून कात्रणं काढायची आणि खळीनं वहीत चिकटवायची, हा माझा नाद. इतर मुली सिनेमाची गाणी उतरवून घेत, मी साखरेला मुंग्या लागू नयेत म्हणून काय करावं ते उतरवून घेत असे. १९८४ साली लग्न होऊन बेळगावच्या शहापुरात आले, तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली ही वही होती. आपण काही रिकाम्या हातांनी सासरी चाललेलो नाही, असं मला त्या वहीमुळं वाटत होतं.

घर शहापुरातल्या जुन्या घरांसारखंच, आगगाडीच्या डब्यासारखं लांबलचक. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी परसू आणि विहीर. उजेड दोन टोकांनी येई तो मधल्या मध्ये दमून जाई. स्वयंपाकघरात भरदुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा. सासूबाई मात्र लावत नसत. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आत्ती त्या अंधारात हात लांब करायच्या आणि हवी ती वस्तू हातात आलेली असायची. मला वाटायचं, काटकसर. विजेचं बिल वाचवतात.

पहिल्याच आठवड्यात मी फसले. फोडणीसाठी मोहरी हवी होती. फळीवर पाहते तर डालड्याच्या डब्यात तिखट, बिस्किटांच्या डब्यात गूळ, बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यात तुरीची डाळ. एकाही डब्याचा त्याच्यावरच्या नावाशी संबंध नाही. मी एकेक झाकण उघडत बसलेली पाहून आत्ती दारातून म्हणाल्या, "काय शोधालीस गे? डब्यावरचं नाव काय बघतीस? डबा कुठं हाय ते बघ की."

पुढं २०१४ साली आमच्या गावाचं सरकारी नाव बदललं, तेव्हा मला त्यांचं हे वाक्य आठवून हसू आलं होतं. पण तेव्हा, नव्या नवरीला, ते लागलं होतं.

मग माझी वही आणि आत्तींचा हात यांची एक अबोल चढाओढ सुरू झाली. मी वाचून सांगायची, दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याच्या कडेला आतून तुपाचं बोट फिरवावं. आत्ती काही बोलायच्या नाहीत. त्यांच्या दुधाच्या पातेल्यात तळाशी एक छोटी बशी पालथी घातलेली असे. दूध तापत आलं की बशीखाली वाफ धरते आणि बशी खडखडू लागते. तो खडखडाट विहिरीपर्यंत ऐकू जाई. मी सांगायची, भाताला एका वाटीला दोन वाट्या पाणी. त्या तांदळावर पाणी घालून त्यात बोट उभं धरायच्या. तांदळाच्या वर पहिल्या पेरापर्यंत पाणी आलं की झालं, मग तांदूळ पावशेर असो की शेरभर. जुन्या तांदळाला पेरापेक्षा थोडं जास्त, आणि सुगीनंतर आलेल्या नव्या बासमतीला – आमच्या बेळगावी बासमतीला – थोडं कमी. भात अर्धा शिजला की पातेलं उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं. उरलेला अर्धा तो आपल्या आपण शिजायचा. सरपण वाचे आणि भात करपत नसे.

काही युक्त्या दोघींच्या सारख्या निघाल्या. साखरेत चार लवंगा. पावसाळ्यात मिठाच्या भांड्यात तांदळाचे दाणे, म्हणजे ओल तांदूळ घेतात आणि मीठ मोकळं राहतं. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून ठेवायचा, म्हणजे त्यात किड्यांची अंडी असलीच तर उष्णतेनं मरतात. गव्हाला एरंडेलाचा हात. कुकरच्या तळच्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची फोड, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आतून काळं पडत नाही. अळू चिरताना हाताला चिंचेचा कोळ. अशी एखादी जुळली की आत्ती म्हणायच्या, "तुझ्या पुस्तकात बी हाय व्हय हे?" आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटायचं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार वर्षं लागली. माझ्या वहीतल्या बऱ्याच युक्त्या डोळ्यांनी बघून करायच्या होत्या. सोनेरी रंगावर परतावे, कडा सुटू लागल्या की उतरवावे, अमुक इतके मोजून घ्यावे. आत्तींच्या युक्त्या कानाच्या, नाकाच्या, बोटांच्या. मोहरीचं तडतडणं थांबत आलं की जिरं. भाकरीचं पीठ मळताना तळव्याला चिकटायचं थांबलं की पुरे. खोबऱ्याचा वास बदलला की कढई खाली. त्या १९५३ साली लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा स्वयंपाकघरात वीज नव्हती. पहाटे चारला उठून, चुलीच्या धुरात, एका चिमणीच्या उजेडात चौदा माणसांचा स्वयंपाक. ती चिमणीसुद्धा कुणी परसात नेली की आतला अंधार तसाच. त्या अंधारात सापडलेल्या युक्त्या होत्या त्या. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आत्तींनी गोष्टी सांगताना ते कितीदा तरी सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि कळणं वेगळं.

२००५च्या सुमारास आत्ती अडखळू लागल्या. समोरचं माणूस नीट दिसायचं, पण बाजूला ठेवलेला तांब्या दिसायचा नाही, पाय लागून कलंडायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं, लक्ष नसतं. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. यात कडेची नजर आधी जाते, माणसाला स्वतःला कळतसुद्धा नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंब घालून राखायची, एवढंच हाती. आत्तींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्या आणि भाकऱ्या थापायला बसल्या. त्यांचं स्वयंपाकघर चालूच राहिलं. इतकं बिनबोभाट चालू राहिलं, की त्यांना किती कमी दिसतंय हे आम्हांला कळलंच नाही.

आणि २००७ साली मी ते स्वयंपाकघर बदललं.

मनात वाईट काहीच नव्हतं. उलट आत्तींना सोपं जावं, वाकावं लागू नये, उजेड असावा, हेच होतं. त्या महिनाभर मडगावला माझ्या नणंदेकडं गेल्या होत्या. त्या महिन्यात मी सगळं उरकलं. ग्रॅनाइटचा ओटा, भिंतीला पांढऱ्या टाइल्स, वर कपाटं, दोन ट्यूबलाइट. भिंतीतले कोनाडे बुजवून घेतले, त्यांत झुरळं होतात म्हणून. डालड्याचे आणि बिस्किटांचे डबे भंगारात घातले. एकसारख्या चोवीस पारदर्शक बरण्या आणल्या, प्रत्येकीवर माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी, आणि त्या 'अ'पासून 'ह'पर्यंत ओळीनं मांडल्या. आमसूल, उडीद, ओवा, करत करत थेट हिंगापर्यंत. चिनी मातीची खडेमिठाची बरणी माळ्यावर गेली. तिच्या जागी पिशवीतलं बारीक मीठ आलं. शेजारच्या वैनी बघून गेल्या आणि म्हणाल्या, अगदी मासिकातल्या फोटोसारखं झालंय. मला त्या महिन्याइतका आनंद क्वचितच झाला असेल.

आत्ती आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळीकडं मान फिरवली. "उजेड चांगला हाय," म्हणाल्या.

नागपंचमीला घरी पाहुणे होते. आत्तींनी शेवयांची खीर केली. त्यांची खीर हा आमच्या घरात दरवर्षीचा सोहळा. पानं वाढली, सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि पंगत गप्प झाली. कुणी वाटी बाजूला सरकवली, कुणी पाणी प्यालं. माझा मुलगा तेव्हा बारावीत. तो सहज बोलून गेला, "आजी, खीर खारट झालीय." आत्तींनी बोट बुडवून चव घेतली. साखर जिथं पन्नास वर्षं होती, तिथं त्यांचा हात गेला होता. तिथं आता 'म'च्या रांगेतलं मीठ होतं. खडे असते तर बोटांना कळलं असतं.

त्या काही बोलल्या नाहीत. जेवणं झाल्यावर खिरीचं पातेलं स्वतः विहिरीवर नेऊन घासलं. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात आल्याच नाहीत.

माजघरात भिंतीला टेकून बसायच्या. दुपारी चार वाजले की हळूच विचारायच्या, "चहा देतीस काय गे?"

त्या 'देतीस काय'चा अर्थ कळायला मला दोन महिने लागले, हे सांगताना आजही लाज वाटते. या घरात चौपन्न वर्षं त्यांनी कुणाला चहा मागितला नव्हता, दिला होता. मी मात्र मनात म्हणत होते, बरं झालं, आता विश्रांती घेतील.

परतीच्या पावसात एका रात्री वीज गेली. शहापुरात पाऊस लागला की वीज जायचीच, त्यात नवल नाही. मी स्वयंपाकघरात होते, गॅसवर आमटी उकळत होती. हात फिरवून मेणबत्ती शोधू लागले. बरण्यांवर बरण्या हाताला लागत होत्या, सगळ्या गोल, सगळ्या गुळगुळीत, सगळ्या सारख्या. माझ्याच हातानं लावलेलं स्वयंपाकघर, आणि मला त्यात आगपेटी सापडेना. एक बरणी पडली. डाळ सांडल्याचा आवाज झाला.

माजघरातून आत्तींचा आवाज आला, "काय शोधालीस गे?"

"आगपेटी, आत्ती."

"चुलीच्या उजव्या अंगाला कोनाडा हाय बघ, त्यात."

माझा हात भिंतीकडं गेला आणि गार टाइलला लागला. कोनाडा नव्हता. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "होय की. बुजवलाय नव्हं."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी त्या अंधारात ओट्याला टेकून उभी राहिले. आत्ती रोज, भर दिवसा, दोन ट्यूबलाइटच्या खाली इथंच उभ्या असणार, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं, ओट्यापुढं स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "तुम्ही सांगा, मी ठेवतो." मिरजेची मी, पण इतक्या वर्षांत इथल्या बायकांसारखं 'करतो, ठेवतो' माझ्या तोंडात बसलं होतं. आत्ती आधी नको नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हात लांब कर. कोपर उचलू नको. जिथं हात पोचतोय तिथं मीठ."

दिवसभर आम्ही तेच करत होतो. माझ्या वहीत नसलेलं एक शास्त्र त्या दिवशी मी शिकले. प्रत्येक रांधण्याला लागतं ते कोपर न उचलता हाताशी – मीठ, हळद, तिखट, तेल. रोज एकदा लागतं ते कमरेच्या उंचीवर, तांदूळ, पीठ, डाळ. जड ते खाली, सणासुदीचं ते वर. वस्तू नावानं लावायच्या नाहीत, कामानं लावायच्या. चहा, साखर, आलं, गाळणी यांचं एक घर, फोडणीच्या मंडळींचं दुसरं. एकसारखी दोन भांडी शेजारी ठेवायची नाहीत. घेतलेली वस्तू, कितीही घाई असो, तिथंच परत. माळ्यावरची चिनी मातीची बरणी खाली आली, तिच्यात खडेमीठ. बरण्या तर टाकवेनात, म्हणून एक युक्ती मी काढली. साखरेच्या बरणीला एक रबर, चहाच्या बरणीला दोन, रव्याला सुतळीची एक गाठ, डाळीला दोन. आत्तींनी त्या गाठी चाचपून पाहिल्या. "हे कुठल्या पुस्तकात हाय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "कुठल्याच नाही." तेव्हा त्या बऱ्याच दिवसांनी हसल्या.

पुन्हा खीर झाली ती दिवाळीत. पुढं नजर जवळजवळ गेली, तरी दुपारचा चहा त्याच करायच्या. दुधात बशी खडखडली की मी समजायची, चार वाजले. २०१६ साली त्या गेल्या. बशी अजून आहे.

२०१९ साली सूनबाई आली. घराचा ताबा दिला तसा मी तिला ओटाही मोकळा करून दिला. म्हटलं, "तुझ्या हाताला येईल तसं लाव. फक्त एकदा मला जागा सांग." ती डावखुरी आहे. तिनं मीठ डावीकडं नेलं.

आठ दिवस माझा हात रिकाम्या जागी जाऊन परत येत होता. नवव्या दिवशी पहाटे उठले, दिवा न लावता आमटीचं आधण ठेवलं आणि हात डावीकडं नेला. बोटांना खडे लागले.