विदूषकाचे परीक्षण : 'स्पार्क्स' आणि समीक्षकांची पन्नास वर्षे

१/ मे १९७४. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात 'स्पार्क्स' हा बँड ब्रिटिश प्रेक्षकांसमोर आला. कुरळ्या केसांचा धाकटा भाऊ रसेल मेल अतिशय उंच पट्टीत गात मंचभर वावरत होता. थोरला रॉन की-बोर्डमागे निश्चल बसून कॅमेऱ्याकडे रोखून पाहत होता. त्याची आखूड मिशी कुणाला चॅप्लिनची वाटली, कुणाला हिटलरची. 'धिस टाउन एन्ट बिग इनफ फॉर बोथ ऑफ अस' हे त्यांचे गाणे ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. समीक्षकांपुढे मात्र एक प्रश्न उभा राहिला : हे संगीत आहे की थट्टा?

२/ हे भाऊ लॉस एंजेलिसचे. दोघेही तेथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकलेले, चित्रपटवेडे. 'हाफनेल्सन' या नावाने त्यांचा पहिला अल्बम १९७१ मध्ये निघाला. निर्माता टॉड रंडग्रेन. तो खपला नाही. कंपनीचे प्रमुख अल्बर्ट ग्रॉसमन यांना या भावांत 'मार्क्स ब्रदर्स' या विनोदी नटबंधूंची छटा दिसली आणि त्यांनी 'स्पार्क्स ब्रदर्स' हे नाव सुचवले. भावांना ते रुचले नाही. तडजोड म्हणून फक्त 'स्पार्क्स' उरले. विनोदवीर ही ओळख अशी बारशापासूनच चिकटली.

३/ त्या काळी रॉक समीक्षा स्वतःच तरुण होती. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाचा जन्म १९६७ चा. तिचा लाडका निकष होता प्रामाणिकपणा. गायकाने स्वतःचे दुःख गावे, संगीताची मुळे ब्लूजमध्ये असावीत, मंचावर सोंग नसावे. स्पार्क्सची गीते रॉन लिहितो, गातो रसेल, आणि बोलते तिसरेच पात्र. 'किमोनो माय हाऊस' (१९७४) या अल्बममधील एका गाण्यात स्वर्गात पोहोचलेला रोमिओ आहे. ज्युलिएट मागे आलीच नाही म्हणून तो खट्टू आहे. अशा नाट्यगीताला आत्मकथनाची फूटपट्टी लावली तर हाती काय लागणार?

४/ ब्रिटनमध्ये त्यांचे कौतुकही झाले, कारण तेथे डेव्हिड बोवी आणि रॉक्सी म्युझिक यांनी नाटकीपणाला वाट करून दिली होती. मायदेशी अमेरिकेत तसा प्रतिसाद मिळाला नाही. अल्बम एकच, निवाडे दोन. याच सुमारास मँचेस्टरच्या एका शाळकरी मुलाचे या अल्बमची स्तुती करणारे पत्र 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'ने छापले. त्या मुलाचे नाव मॉरिसी. पुढे तो 'द स्मिथ्स'चा गायक झाला.

५/ १९७६ पर्यंत ब्रिटनमधील लाट ओसरली. भाऊ अमेरिकेत परतले आणि रूढ रॉककडे वळले. तेही चालले नाही. मग त्यांनी गिटारचा बँडच मोडीत काढला आणि जॉर्जो मोरोडर यांना गाठले. डोना समरचे 'आय फील लव्ह' (१९७७) सिंथेसायझरवर घडवणारे हेच निर्माते. त्यातून १९७९ मध्ये 'नंबर वन इन हेवन' हा सहा गाण्यांचा अल्बम जन्मला.

६/ ते वर्ष डिस्कोद्वेषाचे होते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. अशा हवेत रॉक बँडने डिस्कोकडे जाणे अनेकांना फितुरी वाटली. यंत्रावर वाजते ते संगीत निर्जीव, हा समज समीक्षेतही रुजलेला होता. श्रोत्यांनी मात्र यातील दोन गाणी ब्रिटनच्या पहिल्या वीसांत नेली.

७/ पुढच्या काही वर्षांत चित्र पालटले. समोर नाट्यमय गायक, मागे यंत्रांजवळ शांत उभा साथीदार : सॉफ्ट सेल, पेट शॉप बॉइज, इरेझर या जोड्यांनी हाच साचा लोकप्रिय केला. अल्बम होता तोच राहिला; त्याच्याभोवतीचा इतिहास बदलला आणि त्याला आद्य सिंथ-पॉपचा मान मिळाला.

८/ पण उशिरा आलेला मान मधली वर्षे परत देत नाही. १९८८ नंतर सहा वर्षे त्यांचा एकही नवा अल्बम आला नाही. 'माई, द सायकिक गर्ल' या जपानी चित्रकथेवरील चित्रपटासाठी त्यांनी दीर्घकाळ संगीत रचले. टिम बर्टन तो दिग्दर्शित करणार होते. तो चित्रपट झालाच नाही.

९/ २००२ च्या 'लिल बीथोव्हेन'मध्ये त्यांनी ढोलताशाचा धडाका जवळजवळ वगळून तंतुवाद्ये आणि पुनरावृत्त ओळींवर रचना उभ्या केल्या. समीक्षकांनी तो उचलून धरला. २००८ मध्ये लंडनला त्यांनी २१ रात्रींत २१ अल्बम, प्रत्येक पहिल्यापासून शेवटपर्यंत, सादर केले. जणू समीक्षेला दिलेले उत्तर : तुकडे पाहून निकाल देऊ नका, सगळे ऐका.

१०/ २०२१ मध्ये त्यांनी लिहिलेल्या 'अ‍ॅनेट' या संगीत-चित्रपटाने कान महोत्सवाचे उद्घाटन झाले. पुढे संगीतासाठी त्यांना फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी एडगर राइट यांचा त्यांच्यावरील माहितीपट आला. त्याचे नाव 'द स्पार्क्स ब्रदर्स'. जे नाव भावांनी तरुणपणी नाकारले, तेच आता आदराने मिरवले गेले.

११/ 'काळाच्या पुढचे कलावंत' असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे, पण अपुरे. १९७९ च्या समीक्षकांचे कान तीक्ष्णच होते. कृत्रिमता, विनोद, यंत्र हे सारे त्यांनी अचूक ऐकले आणि तेच दोष म्हणून नोंदवले. आजचे समीक्षक त्याच गोष्टी गुण म्हणून मोजतात. मधल्या काळात तराजू बदलला.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी मिळते. जुने परीक्षण वाचताना त्यात कलाकृतीइतकाच परीक्षकाचा काळ वाचावा लागतो. हाच नियम आजच्या स्तुतीलाही लागू आहे. प्रत्येक जुनी उपेक्षा अन्याय नसते आणि स्पार्क्सचेही काही अल्बम खरोखर फिके आहेत. मात्र हसवणारा माणूस गंभीर नसतो, हे गृहीतक किती महाग पडते, याचा हिशेब या दोन भावांच्या पन्नास वर्षांत स्पष्ट मांडलेला आहे.

(समाप्त)