वातावरण, कथन आणि नाईकांचा वाडा

मराठी कथासमीक्षेत ‘वातावरण’ ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाते. कथानक, पात्रचित्रण, निवेदन यांची चर्चा आटोपली की ‘वातावरणनिर्मितीही उत्तम साधली आहे’ असे एक वाक्य टाकून समीक्षक मोकळा होतो. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत हे वाक्य दरवर्षी, बहुधा त्याच शब्दक्रमाने, मला भेटते. वातावरण हा घटनांच्या मागे टांगलेला पडदा आहे, घटना नसेल तर त्याला स्वतंत्र अर्थ नाही, असे गृहीत या वाक्यामागे असावे. ते तपासून पाहण्याची निकड मला एखाद्या मान्यवर कथेने नव्हे, तर दूरचित्रवाणीवरील एका दैनंदिन मालिकेने जाणवून दिली. दैनंदिन मालिका हा विद्यापीठीय समीक्षेने बहुधा हात न लावलेला प्रांत. हजारो घरांत रोज रात्री ज्याचे ग्रहण होते, त्या कथनाविषयी कथनमीमांसेने मौन बाळगावे, हे मला तरी सोयीस्कर अनास्थेचे लक्षण वाटते.

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका फेब्रुवारी २०१६मध्ये झी मराठी वाहिनीवर सुरू झाली. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या चित्रपटातील गाण्याचे शब्द तिने शीर्षकासाठी घेतले. पहिल्या पर्वात अण्णा नाईक आरंभीच मरतात, विखुरलेले कुटुंब कोकणातल्या वाड्यात गोळा होते आणि वाड्यात काहीतरी आहे, अशी कुजबुज सुरू होते. चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील खऱ्याखुऱ्या घरात झाले. ही बाब तपशिलाची नाही. मुंबईतील चित्रीकरणस्थळी उभारलेल्या दिवाणखान्याला भिंती तीनच असतात आणि त्यांच्यामागे काहीही नसते. आकेरीच्या घराला मात्र मागीलदार आहे. माणूस पडवीतून माजघरात जातो तेव्हा उजेड खरोखरच कमी होतो, आणि हे उजेडाचे कमी होणे कोणत्याही संवादाआधी प्रेक्षकाला काहीतरी सांगून जाते.

तरीही पहिले पर्व मला पुरते पटले नाही. त्यात वातावरण हे एक आश्वासन आहे: दार करकरले, म्हणजे दारामागे कोणीतरी आहे. आश्वासनाला मुदत असावी लागते. भयकथेची मुदत तिच्या शेवटाशी बांधलेली असते. दैनंदिन मालिकेला मात्र शेवट पुढे ढकलण्यावरच जगावे लागते. परिणामी दार रोज करकरते आणि मागे मांजर निघते. एका धक्कादायक वाक्यानंतर उपस्थित प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा झेपावतो, ढोल वाजतो, जाहिराती लागतात. येथे भय कथनातून उपजत नाही, ध्वनिपट्टीतून पुरवले जाते.

याच्या उलट उदाहरण म्हणून दूरदर्शनवर १९८८ साली दाखवल्या गेलेल्या ‘तमस’चा आरंभ आठवावा. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरील या मालिकेत गोविंद निहलानी यांनी प्रथम दाखवला तो नत्थू. ओम पुरी यांचा हा नत्थू एका कोंदट खोलीत डुक्कर मारण्याची खटपट करतो आहे, आणि ते मरत नाही. ही खटपट असह्य होईपर्यंत लांबवली आहे. दंगल अजून दूर आहे, तिचा उच्चारही नाही. पण पुढे शहरात जे घडणार त्याचा घाम, दर्प आणि हतबलता या खोलीत आधीच साकळलेली आहे. येथे वातावरण आणि घटना वेगळ्या काढता येत नाहीत. लांबण येथेही आहे. पण ती कृतीची लांबण आहे, उत्तर पुढे ढकलण्याची नव्हे.

एवढ्यावर हा विषय माझ्यापुरता संपला असता. तो संपला नाही याचे कारण माझी आई. ती मूळची कुडाळ तालुक्यातली. लग्नानंतर पुण्यात आली आणि चाळीसएक वर्षे प्रमाण मराठीच बोलली. आम्हा मुलांना मालवणी समजते, बोलता येत नाही. मराठीच्या अध्यापिकेने हे लिहिताना संकोचावे, एवढे ते खरे आहे. आई ही मालिका पाहू लागली ती भुतासाठी नव्हे. ती पाहत असे पडवीचा कठडा, चुलीमागची काळी भिंत, कंदील टांगायची खुंटी. पुढे ती पडद्याशी बोलू लागली. एखाद्या पात्राचे क्रियापद चुकले की म्हणे, “असा कोण बोलता गो?” आणि मग तेच वाक्य आपल्या गावच्या वळणाने म्हणून दाखवी. तिच्या तोंडून सलग मालवणी मी प्रथम ऐकली ती अशी, एका मालिकेची चूक दुरुस्त करताना. माहेरचे घर विकले गेल्याला तेव्हा बरीच वर्षे झाली होती.

तिचा आणखी एक आक्षेप मला समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा वाटतो. तिच्या गावच्या राखणदाराला नारळ मिळे, त्याला गाऱ्हाणे घातले जाई, त्याच्याशी बोलणे होई. अदृश्य हा तेथील व्यवहारातला एक पक्ष होता. त्याच्याशी करार होता आणि तो मोडला तर कोप होता. मालिकेत मात्र अदृश्याचे काम बहुधा भिववण्यापुरते उरते. अंधश्रद्धेला खतपाणी घातले जात असल्याची टीका या मालिकेवर झाली, कोकणची बदनामी होत असल्याचीही झाली. आईचा मुद्दा या दोन्हींहून वेगळा होता. तिच्या मते मालिकेत श्रद्धा फार नव्हती, नीट नव्हती.

जानेवारी २०१९मध्ये आलेले दुसरे पर्व मागे गेले. अण्णा त्यात जिवंत आहेत. हा निर्णय व्यावसायिक असेल, पण त्याचा कथनावर झालेला परिणाम विलक्षण आहे. आता शेवट सर्वांना ठाऊक आहे. अण्णा मरणार, हे घर ओस आणि संशयग्रस्त होणार. ‘पुढे काय’ या प्रश्नाची धार गेल्यावर ‘कसे’ आणि ‘कोणासमक्ष’ हे प्रश्न पुढे येतात. माधव अभ्यंकरांचे अण्णा घरात नुसते शिरले तरी बाकीच्यांची हालचाल बदलते. शेवंतेच्या प्रकरणाची चर्चा बाहेर पुष्कळ झाली, आणि अपूर्वा नेमळेकर यांनी ती भूमिका ठसक्यात केलीही. पण मला या पर्वाचे केंद्र शकुंतला नरे यांच्या माईत दिसते. सारे ठाऊक असूनही रांधणाऱ्या, वाढणाऱ्या बाईच्या देहबोलीत या घराची भीती मुरलेली आहे. येथे ढोल नसता तरी चालले असते. (तो होता, हे अर्थातच.) वातावरण आता आश्वासन राहिले नव्हते, ते घरातील सत्तेचे दृश्य रूप झाले होते. पहिल्या पर्वात मृत अण्णांचे भय वाटावे म्हणून जी योजना करावी लागली, ती दुसऱ्यात जिवंत अण्णांनी अनावश्यक ठरवली.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर चित्रीकरणे थांबली. पुढे ऑगस्टमध्ये हे पर्व संपले. २०२१ साली तिसरे पर्व आले. आईने ते दोन आठवडे पाहिले आणि सोडले. कारण विचारले तेव्हा म्हणाली, सगळे सारखे अंगणात उभे राहून बोलतात, आत कोणी जातच नाही.

मी त्यानंतरचे काही भाग केवळ हे तपासण्यासाठी पाहिले. कोण कोठे उभे आहे, घराचा कोणता भाग दिसतो, कोणता दिसेनासा झाला आहे, हे वहीत टिपत गेले. कथेच्या पाठातही असे टिपण करता येईल: पात्रे किती वेळा उंबरा ओलांडतात, दिवा कोण लावते, कोणाच्या येण्याने बोलणे थांबते. यंदा ‘वातावरण’ शिकवताना विद्यार्थ्यांना हाच गृहपाठ दिला आहे. त्यातल्या दोघींनी विचारले, मालिका घेतली तर चालेल का. चालेल म्हणाले, मालवणी जाणणारे कोणी घरी असेल तर सोबत बसवा, एवढी अट घातली.