मागची सीट

मोटारसायकल घ्यायची हे आमच्या घरात एका रविवारी, मटकीच्या उसळीबरोबर, दहा मिनिटांत ठरले. कोणती घ्यायची हे ठरायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत आमच्या दादरच्या दोन खोल्यांत दुसरा एखादा विषय निघाला असेल तर मला आठवत नाही.

बाबा बेस्टमध्ये चालक होते. बत्तीस वर्षे त्यांनी बस हाकली. पण ती सारी खोदादाद सर्कल, परळ, सायन, वडाळा अशीच. पृथ्वीभोवती जितक्या फेऱ्या व्हाव्यात तितके अंतर त्यांनी या एवढ्याशा गावात कापले असेल. गणपतीला कोकणात जायचे ते एस.टी.ने नाहीतर रेल्वेने, आणि तेही रात्री, म्हणजे बाहेर काळोख. समुद्राच्या कडेकडेने, खाडीमागून खाडी ओलांडत, देवगड तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत दिवसाउजेडी जायचे, ही त्यांची जुनी हौस. मात्र आता त्यांना चालवायचे नव्हते. "आयुष्यभर मी लोकांना मागे बसवून नेले. आता तू ने. मी बसतो मागे," असे ते म्हणाले. पैसेही त्यांचेच होते. निवृत्तीच्या पुंजीतले सव्वा लाख त्यांनी बाजूला काढून ठेवले.

सव्वा लाखात जुनीच गाडी येणार हे उघड होते. शोधता शोधता दोन गाड्या उरल्या. एक रॉयल एन्फिल्डची हिमालयन, 2020 ची, 411 सी.सी.ची. (हे मॉडेल 2016 साली आले आणि 2023 अखेर त्याची जागा मोठ्या 450 ने घेतली.) दुसरी हीरोची एक्सपल्स 200, चार व्हॉल्व्हवाली, 2022 ची. आता तुम्ही म्हणाल, कलाशाखेच्या मुलीला हे आकडे कशाला हवेत? पण मला ते वृत्तांच्या गणांसारखे पाठ झाले होते. दोन्हींचे पुढचे चाक 21 इंची. दोन्हींचे पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर वर. म्हणजे जांभ्या दगडांच्या सड्यावरून दोघी सारख्याच निघतील. फरक पुढे सुरू होतो. हिमालयन 199 किलो, एक्सपल्स 158. हिमालयनची टाकी 15 लिटरची, एक्सपल्सची 13. हिमालयनची ताकद चोवीस घोड्यांची, दुसरीची एकोणिसाच्या आसपास. दोन माणसे आणि सामान घेऊन घाट चढायचा तर हे पाच घोडे फार कामाचे.

आणि गंमत अशी की जड गाडीच बुटकी! हिमालयनची बैठक 800 मिलिमीटरवर, एक्सपल्सची 825 वर. माझी उंची पाच फूट दोन इंच. हिमालयनवर बसले की पाय नीट जमिनीला टेकत आणि आपण फार मोठ्या झाल्यासारखे वाटे. मागची सीट ऐसपैस. बाबा तिच्यावर एकदा बसले आणि उतरायलाच तयार होईनात. "खिडकीची सीट आहे," म्हणाले. एक्सपल्सच्या मागे दोघांना बसता येते खरे, पण पाचशे किलोमीटर नाही. बाबांच्या गुडघ्याला तर नाहीच. थोडक्यात, हिमालयन म्हणजे दोघे, एक्सपल्स म्हणजे मी एकटी. घरात हे कुणी उच्चारत नव्हते, एवढेच. आईचा पक्ष तिसरा होता. ती फक्त रेल्वेचे वेळापत्रक टेबलावर उघडे ठेवी.

अखेर नायगावातल्या एका मेस्त्रींकडे आम्ही दोन्ही गाड्या दाखवायला नेल्या. म्हाताऱ्या मेस्त्रींनी इंजिन ऐकले, चेन ओढून पाहिली आणि मला विचारले, "पडल्यावर काय करणार?" मी म्हटले, सांभाळून चालवीन. ते हसले. जुनी गादी अंथरून त्यांनी हिमालयन तिच्यावर आडवी निजवली. "उचला."

उचलायचीही रीत असते. गाडी गिअरमध्ये ठेवायची, तिच्याकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे सरकत जायचे. पहिल्यांदा ती हललीच नाही. दुसऱ्यांदा अर्धी आली आणि खाली बसली. बाबा पटकन पुढे झाले. मेस्त्रींनी हात आडवा घातला. "काका, थांबा. तुम्ही मागे बसलेले असाल, तर तुम्हीपण खालीच पडलेले असाल."

तिसऱ्यांदाही ती उठली नाही. एक्सपल्स दुसऱ्या खेपेस उठली.

परतताना आम्ही टिळक पुलावरून चालत आलो. एरवी बाबा पुलावर थांबून खालच्या लोकल बघतात. त्या दिवशी थांबले नाहीत.

दोन दिवस मी स्वतःशी भांडले. रोज व्यायाम केला तर? सामान कमी केले तर? पण वाट डोळ्यांसमोरून हलेना. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड : चार ठिकाणी फेरीबोट, चार ठिकाणी ओली लोखंडी फळी आणि पुढे शेवाळलेला धक्का. तिथे गादी नसते. तिसऱ्या रात्री जेवताना मी सांगून टाकले. पैसे त्यांचे, हौस त्यांची, आणि नाही म्हणणारी मी. बाबांनी ताकाचा पेला पुरा केला. "बरं," ते म्हणाले. "मागे सामानाला जागा झाली." आणि हात धुवायला उठले. आईने वेळापत्रक मिटून ठेवले. तिलाही जिंकल्यासारखे वाटले नसावे.

नोव्हेंबरात मी निघाले. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडवा, मग चार दिवस खाली, खाली. त्याचे वर्णन या अंकाच्या पानांत मावणार नाही. एवढेच सांगते की धोपाव्याला बोटीतून उतरताना मागचे चाक सरकले आणि मी डाव्या अंगावर पडले. तीन माणसे धावली. ती पोचेपर्यंत गाडी उभी होती आणि माझे पाय लटपटत होते. रात्री फोनवर घरी यातले काही सांगितले नाही.

बाबा दादरहून मध्यरात्रीच्या तुतारीने निघून सकाळी कणकवलीला उतरले. मी स्टेशनाबाहेर गाडी घेऊन उभी होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिले, वाकलेल्या क्लचच्या दांडीवरून बोट फिरवले. विचारले काहीच नाही. सामान गावच्या रिक्षात गेले होते. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते त्या चिंचोळ्या सीटवर चढले, गुडघा दोनदा चोळला, आणि आम्ही निघालो.

पहिला चढ आला. मागून आवाज आला, "सेकंड टाक गो."