मांडीवरचा प्रवास

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाने आम्हांस कळविले होते. आम्ही लिहीत आहोत ते मात्र २०२४ च्या मे महिन्यातील लंडनच्या प्रवासाविषयी. वसतिगृहाच्या दारात लेकरू सोडून माघारी फिरलेल्या आईबापांना त्यातले बरेचसे ओळखीचे वाटेल, म्हणून संपादकांनी हे चालवून घ्यावे.

आमची कन्या याच शाळेची विद्यार्थिनी. बी.एस्सी. नर्सिंग करून ती पुण्यात नोकरीस होती. लंडनच्या एका रुग्णालयात तिची निवड झाली तेव्हा तिची मुलगी नऊ महिन्यांची होती. तिकडे गेल्यावर परिचारिकेला पुन्हा प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते, घर शोधावे लागते, दिवसपाळी-रातपाळी सांभाळावी लागते. अंगावरचे मूल घेऊन हे कसे जमावे? "जा, लेकराचं आम्ही बघतो," असे तिला आम्हीच सांगितले. सहा महिन्यांनी जावईही गेले. छकुली आमच्याकडे राहिली. गल्लीत बायका म्हणत, "पोटचं लेकरू टाकून गेली." त्या बोलण्याचा आम्हांला संताप येई; आणि रात्री नात झोपेत हुंदके देऊ लागली की तो संताप कोणावर काढावा हे कळेनासे होई.

रोज व्हिडिओ कॉल होत असे. छकुली बोलू लागली तेव्हा तिने मोबाइललाच 'मम्मी' असे नाव दिले. फोन चार्जिंगला लावलेला असला तरी त्याकडे बोट दाखवून ती 'मम्मी' म्हणे. आम्ही हसत असू. हसायला नको होते.

अखेर तिकडे घर मिळाले, नातीचा व्हिसा झाला आणि तिला पोहोचविण्याचे काम आम्हां उभयतांकडे आले. पुण्याच्या व्हिसा केंद्रात आमच्या दहाही बोटांचे ठसे घेतले गेले. पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत, केवळ छायाचित्र काढतात. पण बावीस महिन्यांच्या मुलीने क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहावे यासाठी किती माणसांनी टाळ्या वाजविल्या ते विचारू नये. शिवाय आजी-आजोबांसोबत मूल पाठविण्यास आपली संमती आहे, असे आईवडिलांचे पत्रही जवळ ठेवावे लागले. लेकीच्या लेकराला नेण्यासाठी लेकीची लेखी परवानगी! आमच्या सहचारिणींना यात अपमान वाटला. आम्हांला तो नियम शहाणपणाचा वाटला. कोणाचेही मूल कोणीही उचलून नेऊ नये, हे कुठेतरी लिहिलेले असावेच.

दोन वर्षे पूर्ण होण्याआधी मूल मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहाव्या हिश्शात, पण मांडीवर बसून जाते. दोन महिने थांबलो असतो तर स्वतंत्र तिकीट काढावे लागले असते. शिक्षकाचा हिशेब तो! मुंबई ते लंडन मांडीवर म्हणजे काय, हे त्या हिशेबात धरलेले नव्हते. विमानात पाळणा मिळतो, परंतु तो अगदी तान्ह्यांसाठी. आमची नात त्यात मावेना. शंभर मिलिलिटरहून अधिक पातळ पदार्थ हातातल्या सामानात नेता येत नाहीत, बाळाच्या दुधाला तेवढी सूट असते. म्हणून दूध, नाचणीचे सत्त्व आणि मऊ भाताचा डबा सोबत होता. विमान वर चढताना कान दुखून ती किंचाळू लागली. सहचारिणींनी घोटघोट पाणी पाजले, तेव्हा कुठे थांबली. पुढे मधल्या वाटेवरून येरझाऱ्या, अनोळखी माणसांच्या चपलांची तपासणी, आणि मग एकदाची झोप. आमचे पाय बधिर झाले, पण हलण्याची सोय नव्हती.

त्या अंधारात आमच्या कालकथित मातोश्री आठवल्या. दिवाळी सरली की पाथर्डी तालुक्यातून त्यांची टोळी प्रवरेच्या पट्ट्यात ऊसतोडीला निघे. बैलगाडीत कोयते, पिठाची गोणी, भांडी, आणि त्या सामानावर आम्ही. फडाच्या कडेला वाढ्यांवर गोधडी टाकून त्या आम्हांला निजवीत आणि मोळ्या बांधताना दर थोड्या वेळाने मान वळवून पाहत. विंचूकाट्याची भीती. परदेश म्हणजे काय, तर त्यांच्या लेखी तो शंभर किलोमीटरवर होता. शाळेत घालण्याजोगे झालो तेव्हा आम्हांला आजीपाशी ठेवले. म्हणून आम्ही शिकलो. पहिल्याच वर्षी पट्टा पडल्यावर मातोश्री परतल्या, तेव्हा आम्ही आजीच्या लुगड्याआड लपलो होतो. त्यांनी ओढून घेतले नाही. गाठोड्यातून गुळाचा खडा काढून उंबऱ्यावर ठेवला आणि त्या पाणी भरायला निघून गेल्या.

हीथ्रो विमानतळावर कन्या धावत आली. छकुलीने तिच्याकडे पाहिले, मग आजीच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिले. पुन्हा तिच्याकडे. कन्येने उचलून घेताच तिने असा आकांत मांडला की माणसे थबकली. कन्येने तिला आजीकडे परत दिले, सामानाची गाडी हाती घेतली आणि आमच्या पुढे चालू लागली. घरी पोहोचेपर्यंत तिने मागे वळून पाहिले नाही. आम्हीही हाक मारली नाही.

भारताचे घड्याळ लंडनच्या पुढे आहे, मे महिन्यात साडेचार तासांनी. छकुली आपल्या वेळेप्रमाणे पहाटे दोनला उठून बसे आणि 'भू' दाखवा म्हणून दाराकडे ओढी; कुत्रे आपल्या गल्लीतले, ते तिथे कोठून आणावे? हे आठवडाभर चालले. आठव्या दिवशी कन्या रातपाळी करून आली आणि गणवेशातच आडवी झाली. छकुली कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत उभी होती. मग आपली गोधडी ओढत नेली आणि तिच्या पाठीला पाठ लावून झोपली. तोंड मात्र भिंतीकडे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही सारे चॉक फार्म स्थानकावर उतरून १०, किंग हेन्रीज रोड येथे गेलो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले व त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. फलकासमोर आमचे हात जोडलेलेच राहिले. ते दोन शब्दांत मावणारे नाही, म्हणून लिहीत नाही. छकुली बाबागाडीत झोपली होती. कन्येने हळूच विचारले, "पप्पा, बाबासाहेब पहिल्यांदा परदेशी गेले तेव्हा यशवंतराव केवढे होते?"

आम्ही इतिहासाचे एम.ए.; अठ्ठावीस वर्षे या तारखा फळ्यावर लिहीत आलो. यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले जुलै १९१३ मध्ये आणि मायदेशी परतले ऑगस्ट १९१७ मध्ये. या दोन ओळींची वजाबाकी आम्ही कधी केली नव्हती. बोटांवर केली. जाताना मूल सात महिन्यांचे, परतताना पावणेपाच वर्षांचे. कोलंबियाची पदवी, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, लंडनचा प्रवेश, सारे मुलांकडून पाठ करून घेतले. घरात रांगणाऱ्या मुलाचे वय एकाही उत्तरपत्रिकेत मागितले नाही.

"सात महिन्यांचे," आम्ही म्हणालो.

कन्या काही बोलली नाही. सहचारिणी म्हणाल्या, "माता रमाई होत्या ना जवळ." आणि मग थोड्या वेळाने, "मोबाइल नव्हता तेव्हा."

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघेच परतलो. मांडी मोकळी होती, तरी झोप लागली नाही. शाळा सुरू झाली. पाचवीत नव्याने आलेल्या एका मुलाची आई, ऊसतोड कामगार, वसतिगृहाच्या फाटकाशी घुटमळत होती. फोन कधी करू, असे तिने विचारले. इतकी वर्षे आम्ही ठरलेले उत्तर देत असू, रविवारी. त्या दिवशी आम्ही आमचा क्रमांक लिहून दिला आणि अधीक्षकांची नाराजी ओढवून घेतली.

परवा रात्री लंडनहून कॉल आला. छकुली आईच्या कडेवर होती. बराच वेळ ती पडद्याकडे पाहत राहिली. मग आईच्या हातातल्या मोबाइलवर बोट ठेवून म्हणाली, "आजी."