गोदातीरीं कॅमेरा घेऊन

नांदेड शहराच्या वरच्या अंगास गोदावरीवर विष्णुपुरीचा प्रकल्प आहे. त्याच्या जलाशयास शंकरसागर म्हणतात. उन्हाळ्यांत पाणी ओसरूं लागलें कीं कांठची गोट्यांची जमीन उघडी पडते व तेथें टिटवी अंडीं घालते. पंचतंत्रांत समुद्राशीं वैर मांडणारा टिट्टिभ तो हाच पक्षी. घरटें म्हणजे केवळ एक उथळ खळगी. अंडीं बहुधा चार, आणि रंगानें भोंवतालच्या खड्यांसारखींच, त्यामुळें पाय पडण्याची वेळ येईपर्यंत दिसत नाहींत.

एका वैशाखांत अशा घरट्यापासून दहा पावलांवर मी कॅमेरा लावून बसलों. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालीत होती. मला वाटलें, उडत्या पक्ष्याचें चित्र आज उत्तम साधेल! अर्धा तास असा गेला. इतक्यांत शेळ्या घेऊन जाणारा एक मुलगा थांबला व म्हणाला, "आजोबा, मागं सरका की. ती बसल्याबिगर अंडी उन्हानं भाजतील."

मी पन्नास पावलें मागें सरलों. टिटवी पाण्याकडे गेली, पोटाचीं पिसें भिजवून परतली व ओल्या अंगानें अंड्यांवर बसली. पुढें वाचनांत आलें कीं, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकारीच्या व्याख्येंत पक्ष्यांच्या अंड्यांस अथवा घरट्यांस उपद्रव देणें हेंहि येतें. ज्याच्या घरांत कधीं अंडें शिरलें नाहीं, तो मी अर्ध्या तासांत शिकारी ठरलों होतों! तीं चित्रें मीं पुसून टाकलीं.

तेव्हांपासून घरांतील मुलांस जें सांगतों, तें येथें देतों. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास साधावे व सूर्य पाठीशीं ठेवावा. आमच्याकडील उन्हाळ्यांत ऊन चढलें कीं जमिनीवरील तापलेली हवा लहरूं लागते. मग कितीहि भारी भिंग असो, दूरचें चित्र स्पष्ट येत नाहीं. उभ्यानें चित्र घेऊं नये. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर आणावा, प्रसंगीं पालथें पडावें. नेम डोळ्यावरच साधावा. डोळा अस्पष्ट तर चित्र निर्जीव. उडत्या पक्ष्यासाठीं शटरचा वेग सेकंदाच्या 2,000 व्या हिश्शाइतका ठेवावा. बगळ्यासारखा पांढरा पक्षी असल्यास प्रकाश थोडा कमी घ्यावा, नाहीं तर पिसांची रेघन् रेघ पांढऱ्यांत बुडून जाते.

लातूरकडे आणखी एक गोष्ट शिकावी लागते. एप्रिल 2016 मध्यें त्या शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, हें पुष्कळांस स्मरत असेल. अशा वर्षीं माळावरचें एखादें डबकेंच काळवीट, कोल्हे व पांखरें या सर्वांचा आधार असतें. छायाचित्रकारास तेथें चित्रांची पर्वणी वाटते. परंतु तो कांठावर बसला तर तहानलेला प्राणी न पितांच परत फिरतो. म्हणून दूर, आडोशास, आपला वास प्राण्याकडे जाणार नाहीं अशा बाजूस बसावें. लांब पल्ल्याचें भिंग असतें तें याचसाठीं.

पन्नास पावलांवरून घेतलेलें टिटवीचें एक चित्र मजजवळ आहे. पक्षी त्यांत लहान दिसतो, पण अंड्यांवर स्वस्थ बसलेला आहे. नातवंडें विचारतात, "आजोबा, जवळून कां नाहीं काढलें?" त्यांस मी इतकेंच सांगतों कीं, पक्षी आपलें काम सोडून आपणांकडे पाहूं लागला म्हणजे समजावें, आपण फार जवळ आलों, तेथूनच मागें फिरावें.