१०.५४ की १०.५५?

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणारी एक शेड. ती बंद पडल्यावर तिच्याभोवतीची माती मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पिशव्या भरभरून आणली. १०५ अंशांवर वाळवायची, चाळायची, अकीकच्या खलात पिठासारखी बारीक करायची. शेजारीच टंगस्टन कार्बाइडची चक्की होती, दोन मिनिटांचं काम. पण तिच्यातलं टंगस्टन आणि कोबाल्ट नमुन्यात उतरतं. म्हणून मनगट भरून येईपर्यंत खलच. मग मेणाची पूड मिसळून, खाली बोरिक ॲसिडचा थर देऊन २० टन दाबाखाली चकती पाडायची. पहिल्या तीन चकत्या साच्यातून निघतानाच तडकल्या.

चकतीतली मूलद्रव्यं क्ष-किरणांनी मोजणाऱ्या यंत्राचं काम त्या मानाने सरळ. क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात, वरचा त्या जागी उतरतो आणि त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेचा क्ष-किरण, म्हणजे त्याची रेषा, बाहेर पडतो. ऊर्जेवरून नाव कळतं, किरणांच्या मोजणीवरून प्रमाण.

निकालात शिसं भरपूर, ते अपेक्षितच होतं. पण आर्सेनिकही भरपूर! मी हरखले. मातीत विष सापडलं म्हणून हरखले, हे आज लिहितानाही ओशाळायला होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कागद हातातही घेतला नाही.

"मोंटाना लावली होतीस का?"

मोंटाना म्हणजे अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची प्रमाणित माती, एसआरएम २७११. किलोमागे शिसं ११६२ मिलिग्रॅम, आर्सेनिक १०५. मी लावली नव्हती. लावली, तर आर्सेनिक १०५ च्या कितीतरी पुढे गेलं.

आर्सेनिकची के-अल्फा रेषा १०.५४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर, शिशाची एल-अल्फा १०.५५ वर. आमच्या डिटेक्टरला ही दोन शिखरं वेगळी दिसणं शक्यच नव्हतं आणि शिशाची वजावट सेटिंगमध्ये कुणीतरी बंद करून ठेवली होती. मी आकड्यांचा तक्ता छापला होता, आलेख उघडलाच नव्हता. उघडला तेव्हा शिशाची १२.६१ ची एल-बीटा ताठ उभी, आर्सेनिकची ११.७३ ची के-बीटा शोधूनही सापडेना.

मॅडमनी पेन्सिलीने कोबाल्टवरही प्रश्नचिन्ह काढलं. आपल्या बेसाल्टच्या मातीत लोखंड एवढं की त्याची के-बीटा कोबाल्टच्या रेषेवर सांडते.

शिसं मी एल-बीटावरून पुन्हा मोजलं. आर्सेनिकच्या रकान्यात 'या पद्धतीने सांगता येत नाही' असं लिहिलं आणि उरलेली माती आम्लात विरघळवायला घेतली.