शेवटच्या शिट्टीपर्यंत

हैदराबादेत क्रिकेटच्या आधी फुटबॉलचे राज्य होते, असे सांगितले की आमची नातवंडे हसतात. परंतु येथल्या सिटी पोलिस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला आणि १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारा भारतीय संघ घडविला, तोही येथल्याच सय्यद अब्दुल रहीम या शिक्षकाने.

आमच्या वाट्याला तो काळ आला नाही. आले ते १९७८-७९ च्या सुमाराचे महाविद्यालयीन सामने. तास बुडवून सायकलींवरून मैदान गाठायचे, इराणी चहा व उस्मानिया बिस्किटांवर भूक भागवायची आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे.

एका उपांत्य सामन्यात आमच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला. आम्ही त्याची हुर्यो उडविली आणि सामना संपण्याआधीच उठून निघालो. तो आमच्याच वर्गातला. दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारी बसला, तेव्हा त्याचा सुजलेला अंगठा दिसला. पूर्वार्धातच दुखावला होता. राखीव गोलरक्षक नव्हता, म्हणून तो बोलला नव्हता. पुढे त्याने खेळणे सोडले. क्षमा मागायची आमच्याकडून राहूनच गेली.

तेव्हापासून आमचे दोनच नियम. आपल्या मुलांची हुर्यो उडवू नये, आणि हार दिसत असली तरी शेवटच्या शिट्टीपूर्वी उठू नये. हरून बाहेर येणाऱ्या मुलाला पायऱ्यांवर एक तरी ओळखीचा चेहरा दिसावा.